भांडारातली ‘नाही’ची वही : एका पावसाळ्याच्या प्रकल्प नोंदी

३ एप्रिल २०२४

मार्चअखेरची साठा पडताळणी काल संपली. वही, ई-औषधी प्रणाली आणि रॅकवरचा माल तिन्ही जुळले, सह्या झाल्या. गेल्या वर्षी जुलैत रुग्णालयाच्या या औषध भांडारात ११ दिवस प्रतिसर्पविषाची, म्हणजे एएसव्हीची, एकही व्हायल नव्हती. ते ११ दिवसही वहीत बिनचूक जुळतात. आवक शून्य, निर्गम शून्य, शिल्लक शून्य. त्या पानांवर माझीच सही आहे.

आज अधीक्षक सरांकडे गेले. पावसाळा लागायच्या आत एवढं एक काम मला करू द्या, म्हटलं. ते म्हणाले, “करा, पण रोजचं वाटप थांबता कामा नये. आणि जे कराल ते तारखेनिशी लिहून ठेवा.” म्हणून या नोंदी.

आमचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे, कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी. खाली पाच प्राथमिक आरोग्य केंद्रं. जिल्हा रुग्णालय अडीच तासांवर, वाटेत घाट. सगळं भांडार एकदम हाती घेणार नाही. सुरुवात सर्पदंशापासून.

५ एप्रिल

गेल्या वर्षीचा एएसव्हीचा निर्गम मांडला. वर्षभरात ३६० व्हायल गेल्या. आम्ही आजवर ३६० ला १२ ने भागून महिन्याला ३० धरत आलो आणि पुनर्मागणीची पातळी, म्हणजे शिल्लक जिथवर उतरली की नवी मागणी द्यायची तो आकडा, ६० वर ठेवली: दीड महिन्याचा पुरवठा काळ म्हणून ४५, वर १५ राखीव.

महिनावार पाहिलं तर चित्र वेगळंच दिसतं. जून ५८, जुलै ४४, ऑगस्ट ७१, सप्टेंबर ६३. चार महिन्यांत २३६ आणि उरलेल्या आठ महिन्यांत मिळून १२४. भातलावणी आणि बेणणीच्या दिवसांत माणसं चिखलात अनवाणी असतात, बिळांत पाणी शिरलं की जनावरं घराकडे सरकतात. हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे, आणि आमची सरासरी मात्र जानेवारी आणि जुलैला एकाच मापाने मोजते.

जुलैचे ४४ तर खरेही नाहीत. त्या महिन्यात औषध हाताशी होतं २० दिवस. वीस दिवसांत ४४ म्हणजे रोज २.२. पूर्ण ३१ दिवस साठा असता तर साधारण ६८ गेल्या असत्या. ही दुरुस्ती केली की पावसाळ्याचे चार महिने सरासरी ६५ वर येतात. दीड महिन्याचा पुरवठा काळ आणि एक महिन्याचा राखीव साठा धरला तर पातळी १६० च्या पुढे जायला हवी. आम्ही ६० वर बसलो होतो.

आणि ६० व्हायल म्हणजे किती माणसं? विषबाधेची लक्षणं असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच १० व्हायल लागतात. मूल असो की मोठं माणूस, सापाने टोचलेलं विष तेवढंच, म्हणून मात्राही तेवढीच. म्हणजे सहा रुग्ण, तेही कुणाला दुसरी मात्रा लागली नाही तर. आकडा व्हायलमध्ये वाचला की साठा भरपूर वाटतो, माणसांत वाचला की पोटात गोळा येतो. यापुढे फळ्यावर शिल्लक रुग्णांमध्येच लिहायची, असं ठरवलं.

८ एप्रिल

उद्या पाडवा, ओपीडी कमी. सकाळपासून अपघात विभागाची आणि संदर्भ सेवेची रजिस्टरं घेऊन बसले. सर्पदंश शोधणंच अवघड निघालं. कुठे ‘सर्पदंश’ लिहिलंय, कुठे ‘अज्ञात दंश’, कुठे नातेवाइकांनी सांगितलं तसंच ‘जनावर चावले’, आणि दोन ठिकाणी ‘पान लागले’. नुसता सर्पदंश हा शब्द शोधला असता तर निम्मे सुटले असते.

गेल्या जुलैच्या त्या ११ दिवसांत असे सात रुग्ण आले होते. सातही जण पुढे पाठवले गेले. कारणाच्या रकान्यात सातही ठिकाणी एकच वाक्य: ‘पुढील उपचारासाठी संदर्भित’. औषध नव्हतं हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यातल्या काहींना कदाचित एएसव्हीची गरज नसेलही. बिनविषारी साप असतो, कधी विषारी साप चावूनही विष सोडत नाही. पण हे ठरवायच्या आतच गाडी घाटाला लागली होती. पुढे त्यांचं काय झालं ते आमच्याकडे परत आलेलं नाही.

आता दुष्टचक्र कळतंय. ज्या महिन्यात औषध संपतं त्या महिन्याचा खप कमी दिसतो. खप कमी दिसला की पुढच्या वर्षीचं मागणीपत्र कमी जातं, आणि औषध पुन्हा त्याच महिन्यात संपतं.

१५ एप्रिल

आजपासून नवी वही सुरू केली. दोनशे पानी, साधी, खिडकीच्या आतल्या बाजूला दोरीने बांधलेली. रकाने पाच: तारीख, औषध, किती लागत होतं, किती दिलं, मग काय केलं. रुग्णाचं नाव नाही. पहिल्याच दिवशी सगळे तिला ‘नाही’ची वही म्हणायला लागले.

इन्चार्ज सिस्टरांनी स्पष्ट विरोध केला. “मॅडम, नाही म्हटल्याचा पुरावा आपणच लिहून ठेवायचा? उद्या चौकशी लागली तर हीच वही आपल्या अंगाशी येईल.” त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. एकोणीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईने बरंच पाहिलेलं असतं. सरांसमोर दोघींनीही आपापलं म्हणणं मांडलं. सरांनी वही उघडली, पहिल्या पानावर ‘अधीक्षकांच्या आदेशाने’ असं लिहून सही केली आणि म्हणाले, “आता आली तर माझ्या अंगाशी येईल.” त्यानंतर सिस्टर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी पहिली नोंद त्यांनीच केली: बालकांसाठीचा नेब्युलायझर मास्क, लागला एक, दिला शून्य.

२४ एप्रिल

एबीसी आणि व्हीईडी वर्गवारी आज पूर्ण झाली. एबीसी पैशाने लावतात: कशावर जास्त खर्च होतो. व्हीईडी गरजेने: जीवनावश्यक, आवश्यक, असलं तर बरं. दोन्ही एकमेकांवर ठेवल्या की कोपऱ्यातल्या वस्तू उठून दिसतात, ज्यांची किंमत नगण्य आणि ज्यांच्यावाचून माणूस जातो.

आमच्या यादीत त्या कोपऱ्यात सगळ्यात आधी प्राझोसिनची गोळी आली. लाल विंचवाच्या दंशावर ही रक्तदाबाची गोळी चालते हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी आमच्याच कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना हाती लागलेल्या अनुभवातून जगाला दाखवून दिलं. १९८२ पासून त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यापूर्वी गंभीर दंशाचे शंभरातले चाळीसेक रुग्ण दगावत, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. अशी ही काही रुपयांची पट्टी. पैशाने लावलेल्या यादीत ती तळाला असते आणि तळाच्या वस्तू मागणीपत्रात ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून सुटतात. यापुढे पैशाने ‘सी’, म्हणजे सगळ्यात कमी खर्चाच्या, पण गरजेने ‘व्ही’, म्हणजे जीवनावश्यक असलेल्या प्रत्येक वस्तूचा तीन महिन्यांचा साठा ठेवायचा. अशा २३ वस्तू निघाल्या. तिन्ही महिन्यांचा त्यांचा खर्च मिळूनही आमच्या एका महागड्या प्रतिजैविकाच्या महिन्याच्या खर्चाएवढा होत नाही.

७ मे

मतदान. निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर. मागणीपत्र महिन्याच्या सुरुवातीलाच गेलंय, पण नवीन दरकरार आचारसंहिता उठल्याशिवाय होणार नाही असं वरून कळलं. म्हणजे जूनच्या आरंभी हाती काय असेल याचा भरवसा नाही.

म्हणून बाहेरून यायची वाट न बघता आत काय आहे ते पाहिलं. पाचही आरोग्य केंद्रांना फोन लावले. एका केंद्रात एएसव्हीच्या ४० व्हायल आहेत, मुदत ऑक्टोबरपर्यंत, आणि गेल्या वर्षभरात तिथे लागल्या फक्त १०. दुसऱ्या केंद्रात, जे कातळावरच्या वाड्यांच्या मधोमध आहे आणि जिथे फुरसं पावलोपावली, तिथे शिल्लक चार. चार व्हायलमध्ये एकाही रुग्णाची पहिली मात्रा होत नाही. कागदावर मात्र ‘उपलब्ध’.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना प्रस्ताव दिला: प्रत्येक केंद्रात किमान २०, म्हणजे दोन रुग्णांची सुरुवात. जवळच्या मुदतीचा माल आधी जिथे खपतो तिथे आणायचा आणि बदल्यात लांबच्या मुदतीचा द्यायचा. आधी मुदत संपणारं आधी द्यायचं, हा नियम आम्ही एका रॅकपुरता पाळत होतो, तो आता तालुक्याला लावायचा आहे.

१६ मे

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी.

रंगीत तालीम घेतली. दुपारी तीनला, अपघात विभागात कल्पित रुग्ण: ३५ वर्षांची बाई, शेतात पायाला दंश, सूज वाढतेय. मी घड्याळ घेऊन कोपऱ्यात उभी. डॉक्टरांनी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सांगितली. ही अगदी साधी चाचणी आहे. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालून वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने गोठण्याची यंत्रणा मोडली आहे. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

सिस्टरांनी नळी काढली. प्लास्टिकची.

लॅबच्या भाऊंना विचारलं. काचेच्या नळ्या केव्हाच संपल्या, आता सगळ्या निर्वात प्लास्टिकच्या नळ्या येतात, त्यात आधीच रसायन असतं. कपाटाच्या मागे तीन काचेच्या सापडल्या, साबणाच्या पाण्याने धुतलेल्या. त्याही चालत नाहीत. काचेचा पृष्ठभागच रक्ताला गोठायला लावतो. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही वीस मिनिटांत गोठेलच असं नाही. मग डॉक्टर समजणार की विष चढलंय, आणि ज्याला गरज नाही त्याच्या शिरेत १० व्हायल जाणार. घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध ते, त्याची उलट प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते.

मी रात्री बसून हिशेब केला. गेल्या पावसाळ्यात एएसव्ही कमी पडली, तेव्हा त्यातली किती चुकीच्या नळीमुळे गेली असेल? सांगता येणार नाही, कारण नळी कसली होती हे कुणी लिहीत नाही. मी महिनाभर शेकडो रुपयांच्या व्हायल मोजत होते आणि चार-पाच रुपयांची नळी माझ्या एकाही यादीत नव्हती, कारण ती औषध नाही, ती लॅबची, आणि लॅबच्या यादीत नव्हती कारण त्यांच्या लेखी ती कालबाह्य.

१८ मे

तालमीतून निघालेली पेटी. लाल झाकणाचा डबा, आत एका रुग्णाला पहिल्या तासात लागेल ते सगळं: एएसव्ही १० व्हायल, विरघळवायला निर्जंतुक पाण्याच्या १० अँप्युल, एनएसची, म्हणजे सलाइनची, ५०० मिलिलिटरची बाटली, आयव्ही सेट, दोन मापांचे कॅन्युला, सिरिंज, प्रतिक्रिया आली तर अॅड्रेनॅलिन, मण्यार किंवा नागासाठी निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन, आणि दोन काचेच्या नळ्या, कोऱ्या, कागदात गुंडाळलेल्या. झाकणावर आतल्या कुठल्याही वस्तूची सगळ्यात जवळची मुदत. अपघात विभागात तीन पेट्या, बाकी साठा भांडारात.

पाण्याच्या अँप्युलवरून वाद झाला. काही बॅचसोबत त्या येतात, काहींसोबत येत नाहीत. मी म्हटलं, आल्या तरी वेगळ्या दहा ठेवायच्याच. रात्री दोन वाजता अँप्युल शोधायला भांडार उघडावं लागतं, किल्ली माझ्याकडे असते आणि मी राहते चार किलोमीटरवर. तेव्हा दुसरी किल्ली मोहोरबंद पाकिटात रात्रपाळीच्या सिस्टरांकडे द्यायचंही आजच ठरलं.

काचेच्या नळ्या तालुक्याच्या दुकानात मिळाल्या नाहीत. भाऊंनी पुण्याहून येणाऱ्या मेहुण्याकरवी १०० मागवल्या. खर्च रुग्ण कल्याण समितीतून.

३ जून

चार वर्षांपूर्वी याच तारखेला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं. तेव्हा कित्येक दिवस वीज नव्हती. आज शीतसाखळीचं बघितलं. लसींचा आयएलआर, म्हणजे बर्फाच्या अस्तराचा खास फ्रिज, चांगला आहे, २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी तो आतलं तापमान २ ते ८ अंशांत राखतो. पण त्यात लसींखेरीज काही ठेवायचं नाही. ऑक्सिटोसिन आणि इन्सुलिन साध्या घरगुती फ्रिजमध्ये असतात, जो वीज गेल्यावर पटकन गरम होतो. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं औषध उष्णतेने निकामी झालं तर ते बाहेरून कळतही नाही. त्या फ्रिजला इन्व्हर्टरची वेगळी जोडणी घेतली. वीज चार तासांहून जास्त गेली तर माल कोल्ड बॉक्समध्ये हलवायचा.

खालचे रॅक दीड फूट उचलले. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण बुडालं, ते बघितल्यापासून सगळ्यात खालच्या फळीवर सलाइनचे खोके ठेवताना हात थांबतो.

२१ जून

पाऊस लागून दोन आठवडे झाले. एएसव्हीची शिल्लक १२ रुग्ण. मागणीपत्रातला पहिला हप्ता आला, मागितलेल्याच्या निम्मा. केंद्रांमधली अदलाबदल पूर्ण झाली नसती तर आज आकडा सात असता.

आजवर पाच रुग्ण. दोघांची नळीतली गुठळी नीट झाली, लक्षणंही नाहीत. त्यांना २४ तास निरीक्षणाखाली ठेवून सोडलं, औषध दिलं नाही. २० व्हायल वाचल्या.

१२ जुलै

‘नाही’च्या वहीचे तीन महिने वाचले. मला वाटलं होतं वर कुठलं तरी मोठं इंजेक्शन असेल. सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं नाव आहे खरजेचं परमेथ्रिन मलम. २९ वेळा. बहुतेक ठिकाणी ‘लागत होत्या ५ ट्यूब, दिली १’. खरूज एकाला झाली तरी घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी मलम लावावं लागतं, नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते. डॉक्टर लिहितात पाच, आम्ही पुरवून पुरवून देतो एक, आणि पंधरा दिवसांनी तेच घर पुन्हा रांगेत. साठा वहीत मात्र ही औषधाची ‘नियमित मागणी’ दिसते. त्यातल्या कितीतरी नोंदी एकाच आश्रमशाळेच्या आहेत, हे सिस्टरांच्या लक्षात आलं. मागणी वाढवली, आणि आश्रमशाळेसाठी एकगठ्ठा वेगळी मागितली: एका दिवशी सगळी मुलं, सगळी अंथरुणं.

हे या प्रकल्पात नव्हतं. पण वही तिथे नेऊन सोडते.

२५ जुलै

घाट सकाळपासून बंद. नदी इशारा पातळीच्या वर. वीज नाही.

रात्री १ वाजून १० मिनिटांनी वाडीवरून एक मुलगा आला, नऊ वर्षांचा. जमिनीवर झोपला होता, पोट दुखतंय म्हणून उठला, दंशाची खूण जवळजवळ नाहीच. पापण्या मिटायला लागलेल्या. आईने एवढंच सांगितलं, “काय चावलं ते दिसलं नाही, पण पोराचे डोळे उघडेनात.” मण्यारीचं असंच असतं. पेटी उघडली, दहा व्हायल, निओस्टिग्मिन. एरवी असा रुग्ण श्वास थांबायच्या भीतीने व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पाठवतात. आज रस्ताच नव्हता. डॉक्टर आणि सिस्टर अंबूबॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी घेऊन पहाटेपर्यंत बाजूला बसून होते. मी जनरेटरच्या उजेडात दुसरी पेटी भरली, मग तिसरी तपासली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

साडेसहाला त्याने डोळे अर्धे उघडून पाणी मागितलं.

शिल्लक ८ रुग्ण.

९ ऑगस्ट

नागपंचमी. तालुक्यातले सर्पमित्र आले होते. त्यांनी फार कामाची गोष्ट सांगितली: घाटमाथ्याकडच्या वाड्यांतून येणारे बरेच दंश चापड्याचे, म्हणजे एका वेगळ्या विषारी सापाचे असतात. आमची एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषाविरुद्ध बनते, चापड्यावर ती काम करत नाही. म्हणजे ओळख पटली तर औषध वाया जात नाही आणि रुग्णाला उगाच धोका नाही. चौघांची आणि चापड्याची मोठी रंगीत छायाचित्रं अपघात विभागात लावली. साप मारून किंवा पिशवीत घालून आणू नका, हेही गावागावांत आशाताईंमार्फत सांगायचं ठरलं. दूरवरून मोबाईलवर काढलेला फोटो पुरे.

मार्चमध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सापाच्या दंशाने गेली असा अंदाज आहे. सरांना म्हटलं, त्या आराखड्यात आमच्यासारख्या भांडारातून जाणारी माहिती लागेल, तर ती खरी जायला हवी. संदर्भ सेवेच्या रजिस्टरात कारणाचा रकाना आता तीन पर्यायांचा केला: तज्ज्ञ नाही, यंत्र नाही, औषध नाही. खूण करायची.

२ सप्टेंबर

जून ते ऑगस्ट: दंशाचे ३१ रुग्ण, एएसव्ही लागली १८ जणांना, २३० व्हायल. चौघांना दुसरी मात्रा, एकाला तिसरी. औषध नाही म्हणून पुढे पाठवलेला एकही नाही. तज्ज्ञ किंवा यंत्र नाही म्हणून पाठवलेले तीन, त्यातला एक दगावला. मूत्रपिंडं निकामी झाली होती, दंशानंतर चौदा तासांनी आला होता, आधी मांत्रिकाकडे नेलं होतं. पुढचं काम तिथे आहे, भांडाराबाहेर. आशाताईंच्या मासिक सभेत अर्धा तास मागून घेतलाय.

एका केंद्राची पेटी तपासली तर त्यातल्या काचेच्या नळ्या गायब होत्या. कुणीतरी लघवी तपासायला वापरल्या. तिथल्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांना रागावले नाही. पेटीला प्लास्टिकचं तोडायचं सील लावायचं ठरवलं, सीलचा क्रमांक पाळी बदलताना लिहायचा.

भातकापणी तोंडावर आली, दंश पुन्हा वाढतील. मागणीपत्र आज गेलं. एएसव्ही १००, प्राझोसिन ३००, परमेथ्रिन ४००. शेवटच्या ओळीत, औषधांच्या यादीत पहिल्यांदाच: काचेच्या नळ्या, कोऱ्या, २००. सरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.